प्रेस घेण्याआधी

कोल्हापूर,
दि. १८ जानेवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पुण्यात वीस टनांचा हायड्रॉलिक प्रेस चोवीस हजारांना मिळतो आहे, तेव्हा आगाऊ रक्कम भरून टाकू का, असे तू विचारले आहेस. भरू नकोस. होल्स्टरला, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या कातडी म्यानाला, आकार द्यायचा तर वीस टन हवेतच, हा समज मीसुद्धा बरीच वर्षे बाळगला आणि त्यापायी पैसे व कातडे दोन्ही घालवले. म्हणून हे पत्र लांबले तरी वाच.

प्रेसवर लिहिलेला टनांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो भार किती जागेवर वाटला जातो, ते पाहावे लागते. रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरसाठी कातड्यावर दाबायची पंचवीस बाय तीस सेंटिमीटरची रबरी गादी पुरते, म्हणजे ७५० चौरस सेंटिमीटर. तिच्यावर प्रेसला दाब देणारा दहा टनांचा जॅक पूर्ण दाबला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला तेरा किलोंहून थोडा अधिक दाब येतो, आणि वीस टनांना त्याच्या दुप्पट. सुरुवातीला तर गादी फक्त फुगवट्यावर टेकलेली असते, त्यामुळे तिथला दाब या सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त असतो. बाभळीच्या सालीत कमावलेले तीन-साडेतीन मिलिमीटरचे ओले कातडे सात-आठ किलोंनाही मुकाट्याने आकार घेते. मी दहा टनांचा जॅक वापरतो आणि तो कधीही शेवटपर्यंत मारत नाही.

हवा उपसून कातडे आवळणाऱ्या व्हॅक्यूमच्या पिशवीबद्दलही तू विचारले आहेस. पिशवीतली हवा कितीही उपसली तरी दाब वातावरणाचाच मिळणार, आणि कोल्हापूर-साताऱ्याच्या उंचीवर तो चौरस सेंटिमीटरला एक किलोच्याही आत असतो. गादीएवढ्या जागेवर सगळा मिळून जेमतेम सातशे किलो झाला. बागायतदारांसाठी तू छाटणीच्या कात्रीची जी पातळ म्याने करतोस, त्यांना एवढा दाब छान पुरेल. पण दोन पदरी, शिवलेल्या होल्स्टरच्या ट्रिगरगार्डचा, म्हणजे चापाभोवतीच्या कड्याचा, कोपरा त्याने उठत नाही, तो अखेर हातानेच काढावा लागतो. पुस्तकबांधणीचा जुना स्क्रू प्रेस स्वस्तात मिळाला तर जरूर घे, मात्र कातडे बसत जाते तसतसा त्याचा दाब उतरतो आणि दर दोन मिनिटांनी चाक पिळत राहावे लागते.

आता माझी फजिती सांगतो. एका गॅरेजवाल्याकडून मी वीस टनांचा जुना प्रेस घेतला होता. बँकेत रखवालदार असलेल्या एका माजी सैनिकाच्या, कानपूरच्या कारखान्यातल्या ०.३२ रिव्हॉल्व्हरसाठी होल्स्टर करायचे होते, आणि नव्या प्रेसची खुमखुमी म्हणून मी जॅक अगदी दांडा हलेनासा होईपर्यंत मारला. होल्स्टर बाहेर काढले तर स्क्रूचे डोकेसुद्धा कातड्यावर उमटलेले! मी ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवले. दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले, त्यांनी रिकामे रिव्हॉल्व्हर आत सारले, आणि ते काही केल्या बाहेर येईना. सिलिंडरच्या खाचांमध्ये कातडे जाऊन बसले होते आणि वाळून लाकडासारखे कडक झाले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. तेव्हापासून फर्म्यावरच्या, म्हणजे होल्स्टरमध्ये घालायच्या शस्त्राच्या आकाराच्या साच्यावरच्या, खाचा मी लांबी (पुट्टी) भरून बुजवतो आणि नळीच्या वरच्या अंगाला पुढच्या माशीपर्यंत, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यापर्यंत, एक लाकडी काडी चिकटवतो, म्हणजे माशीला सरकायला आतून वाट राहते.

फर्म्याचे म्हणशील, तर अमेरिकेत हे काम करणाऱ्यांना शस्त्राच्या हुबेहूब मापाच्या निळ्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती विकत मिळतात, आणि गॅरेजमधल्या बारा-वीस टनी प्रेसची टूमही तिकडूनच आली. आपल्याकडे गिऱ्हाइकाचे परवान्याचे शस्त्र दुकानात ठेवून घेणे हा सरळ गुन्हा आहे, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो. मालकाला समोर बसवावे, शस्त्र त्यानेच रिकामे करावे, आपण पुठ्ठ्यावर बाह्यरेषा व जाडीची मापे उतरवून घ्यावीत आणि सुताराकडून सागवानी फर्मा करून घ्यावा. एक फर्मा झाला की त्या जातीच्या सगळ्या रिव्हॉल्व्हरांना चालतो.

प्रेसचा सांगाडा मात्र इथे उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, करून घेऊ. शंभर बाय पन्नास मिलिमीटरचे सी-चॅनल, म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची लोखंडी तुळई, मीटरला साडेनऊ किलोंच्या आसपास भरते; साडेचार मीटर चॅनल आणि बारा मिलिमीटरच्या दोन प्लेटा धरून साठ किलोंचे काम होईल. जॅक व रबर धरून सगळे अकरा हजारांच्या घरात बसावे. बॉटल जॅक उलटा टांगला तर तेल सोडून हवा ओढतो आणि दाबच धरत नाही, म्हणून तो सरकत्या आडव्या पट्टीवर उभाच बसवायचा, त्याचे डोके वरच्या तुळईला टेकवायचे, आणि पट्टी वर खेचायला दोन बाजूंना स्प्रिंगा लावायच्या. जोडणी करताना मी स्वतः उभा राहीन, कारण आधीच्या प्रेसच्या तुळईला कुणीतरी नुसते ठिपके मारून वेल्डिंग केले होते आणि ती एके दिवशी माझ्यादेखत धनुष्यासारखी वाकली.

वाचलेले पैसे रबरात घाल. नैसर्गिक रबराच्या, पंचवीस मिलिमीटर जाडीच्या, शोअर ए ४० कठीणपणाच्या दोन गाद्या लागतील. रबर वजनावर मिळते आणि जोडी चार किलोंच्या आत भरते. दुकानदार कठीणपणाचा आकडा सांगतोच असे नाही. तेव्हा अंगठा रोवून पाहा, पेन्सिलीच्या खोडरबराइतके दबले तर घे, गाडीच्या टायरसारखे ताठ लागले तर सोडून दे. गादीभोवती प्लायवूडची चौकट केली, तर रबर बाजूला न पसरता खाचाखोचांत उतरते, आणि कमी टनांत जास्त काम होते ते यामुळेच.

एक गोष्ट विसरशील म्हणून ठळक लिहितो. ओले कातडे उघड्या लोखंडाला लागू देऊ नकोस. बाभूळ व हिरड्यातले टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आले की काळी शाईच होते. जुन्या लोकांची हिरड्याची शाई आठव. माझ्या तीन होल्स्टरांवर बोटाएवढे निळे-काळे डाग पडले होते, आणि शेवटी ती काळी रंगवून कमी दरात द्यावी लागली. तेव्हा प्लेटांना प्लायवूड ठोक आणि बोटांवरचा लोखंडाचा कीस धुऊनच कातड्याला हात लाव.

क्रोमच्या क्षारांत कमावलेले कातडे या कामाला घेऊच नकोस, ते वाळल्यावर आकार सोडते. शिवून झालेले होल्स्टर कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडव, मग मूळ रंग परतू लागेपर्यंत तसेच ठेव. गालाला लावले की थंड लागले पाहिजे, पण गालाला पाणी लागता कामा नये. फर्मा प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून आत घाल, दहा मिनिटे दाबून ठेव, आणि काढल्याबरोबर हाडाच्या पट्टीने ट्रिगरगार्डची कड घोटून घे. प्रेस ढोबळ आकार देतो, होल्स्टरवरची ती ठसठशीत रेघ पट्टीचीच असते. वाळवायचे सावलीत. गेल्या पावसाळ्यात बुरशीच्या भीतीने मी एक होल्स्टर हीटरसमोर धरले आणि ते फर्म्यासकट आकसून बसले. ओले कातडे सत्तर अंशांच्या पुढे गेले की परत येत नाही.

शिल्लक राहिलेल्या रबराचा एक तुकडा उद्याच्या एस.टी.ने पाठवतो, तो अंगठ्याखाली दाबून पाहा. पुण्याच्या माणसाला नाही कळव, आणि संक्रांतीचे पाहुणे गेले की एखाद्या मंगळवारी इकडे ये. सोमवारी उद्यमनगर बंद असते. येताना कात्रीचे एक म्यान आण, शिवण किती आत घेतोस ते मला पाहायचे आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण