कोटावरची फुली आधी उसवा

महोदय,

लग्नसराईत मुंबईच्या हॉलमध्ये हमखास दिसणारे दृश्य: नवा कोरा सूट, पण कोटाच्या मागच्या चिरेवर दोऱ्याची फुली तशीच आणि बाहीवर कंपनीची पट्टीही! ती फुली कापड चुरगळू नये म्हणून दुकानापर्यंतच्या प्रवासापुरती असते. न उसवता बसले की कोट पाठीवर ताणतो. दोन बटणांच्या कोटाचे खालचे बटण उघडेच ठेवावे, बसताना वरचेही सोडावे. टायचे टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत आले की पुरे.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे एका दुपारी शिकवता येते. त्याहून मोलाचे म्हणजे बटण लावणे. दोरा दुहेरी घ्यावा, बटण आणि कापड यांच्यामध्ये आगकाडी ठेवावी. पाच-सहा टाके झाले की काडी काढून बटणाखालच्या सैल दोऱ्याला तीन-चार वेढे द्यावेत, मग गाठ. वेढ्यांनी तयार झालेला हा दोऱ्याचा दांडा नसेल तर जाड कापडात काजाभोवती चुण्या पडतात. (मुलींना हे सांगतो, मुलाचा शर्ट मात्र आईकडेच येतो!)

आपल्या दमट हवेत घामेजलेला कोट लगेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी धरतो. तो रुंद खांद्याच्या हँगरवर रात्रभर पंख्याखाली ठेवावा आणि मगच सुती खोळीत घालावा. हे कामही मुलाकडेच द्यावे.

– एक वाचक, दादर, मुंबई