बऱ्हाणपूरला जाण्यापूर्वी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

येत्या रविवारी मी मैत्रिणींसह बऱ्हाणपूरला जाणार असून तेथील कुंडी भंडाऱ्यात, म्हणजे जमिनीखालच्या मोगलकालीन जलबोगद्यात, उतरायचे ठरवले आहे. गाडीही ठरली आहे; फक्त ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे.

बाबा, तुम्हाला लगेच मोठ्या काकांची विहीर आठवेल, म्हणून आधीच सांगते. येथे दोर धरून उतरायचे नाही. एका कुंडीत, म्हणजे बोगद्यापर्यंत खाली जाणाऱ्या विहिरीसारख्या उभ्या विवरात, लिफ्ट बसवलेली आहे, तळ सुमारे ८० फुटांवर आहे, आणि शंभरावर कुंड्यांची तोंडे वर उघडत असल्यामुळे आत हवा खेळती राहते. लिफ्ट बंद असली किंवा तेथील माणसाने नको म्हटले, तर आम्ही वरूनच पाहून परतू.

एवढा हट्ट कशासाठी, असे आई विचारील. ज्यांचे दोहे आम्हाला हिंदीच्या पुस्तकात होते, त्या रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेतच अडवले आणि केवळ उताराच्या बळावर, मोट वा मोटार न लावता, शहरापर्यंत नेले. ते अजूनही वाहते. त्याच सातपुड्याचा डोंगर आपल्या अंगणातून दिसतो, आणि आपण मात्र कॅनचे पाणी विकत घेतो. तसा बोगदा खणून आपल्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचे पाणीच खारे आहे, गोडे पाणी येईल, अशा भ्रमात मी नाही. पूर्णा नदीच्या गाळातच क्षार आहेत, हे बाबांनीच मला शिकवले. तरीही ते वाहते पाणी एकदा हातात घ्यावेसे वाटते. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आई, तू गोड्या पाण्याची घागर वेगळी ठेवायचीस, आणि शाळेतून आल्यावर त्यातला पहिला पेला मला देऊन स्वतः बोअरचेच पाणी प्यायचीस. मला ते तेव्हाही दिसत होते गं.

म्हणूनच आता तुम्ही दोघांनीही माझे ऐकायचे आहे. पाहुणे आले तरी बोअरचे पाणी प्यायचे नाही. वीस लिटरचा कॅन बाबांनी उचलायचा नाही. पोहोचवणाऱ्या मुलाकडूनच तो ओट्यावर ठेवून घ्यावा. गुडघे दुखले की दुकानातून गोळी आणण्याची सवय सोडा. त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात, आणि आपल्या भागात किती घरांत तो आजार शिरला आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी रागावून लिहीत नाही, काळजी वाटते एवढेच. मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी सोमवारी करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो संध्याकाळपर्यंत मला पाठवा. रविवारी भुयारात मोबाईलला रेंज नसेल, तेव्हा दुपारी फोन लागला नाही तर मामांना त्रास देऊ नका. वर येताच मीच फोन करीन.

तुमची,
मनू