डोया म्हणणाऱ्या आजींचे आणि इतरांचे आभार

वर्धा जिल्ह्यातील विद्यापीठाच्या वाचा-उपचार केंद्रात मी विद्यार्थ्यांना शिकवते. ज्यांची नावे विचारायची राहून गेली, अशा काही माणसांचे आभार मला जाहीरपणे मानायचे आहेत.

पहिले आभार नातवाला घेऊन आलेल्या आजींचे. चित्रे पाहून तो 'डोया', 'केयी' म्हणत होता आणि माझी विद्यार्थिनी त्याला उच्चारदोष म्हणून नोंदवत होती, तेव्हा आजी दारातूनच म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं डोयाच म्हन्तेत." वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, हे मीच तिला आधी सांगायला हवे होते. त्या दिवसापासून आम्ही चाचणीपूर्वी घरची बोली ऐकून घेतो आणि बोलीतील फरक दोषांत मोजत नाही.

मेंदूच्या डाव्या भागातील पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका शेतकरीदादांना दर आठवड्याला एसटीत जागा मिळवून देणाऱ्या वाहकांचीही मी ऋणी आहे. कापसाच्या चित्रावर दादा अडतात हे कळल्यावर त्यांच्या शेजाऱ्यांनी पऱ्हाटीची फुटलेली बोंडे आणून दिली. ती हातात घेऊन, बराच वेळ थांबून, दादांनी 'कापूस' हा शब्द स्वतःहून उच्चारला. ती बोंडे आजही आमच्या साहित्याच्या कपाटात आहेत.