एस्पेरांतोचा ‘न’: मुलीस पत्र

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नाम ‘ओ’ने संपते, विशेषण ‘आ’ने, क्रियाविशेषण ‘ए’ने, आणि क्रियापदाला वर्तमानात ‘आस’, भूतकाळात ‘ईस’, भविष्यात ‘ओस’ लागतो, एवढे एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचे व्याकरण तुला एका बैठकीत पाठ झाले, हे वाचून फार समाधान वाटले. परंतु कर्माला लागणारा ‘न’ तुला निरुपयोगी वाटतो आणि तो मागाहून पाहू असे तू ठरवले आहेस, हे मला मान्य नाही. बाकीचे नियम थोडे मागेपुढे झाले तरी चालतील. हा नियम मात्र पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडला पाहिजे. मराठी माणसाने तर तो इतरांपेक्षा अधिक जपून शिकावा, आणि त्याचे कारण आपल्या मराठीतच आहे.

आपल्या भाषेत ‘कुत्रा वासराला चावला’ म्हटले काय किंवा ‘वासराला कुत्रा चावला’ म्हटले काय, कोण चावला याविषयी शंका राहत नाही, कारण ‘ला’ हा द्वितीयेचा प्रत्यय वासराला धरून असतो. एस्पेरांतोत हेच काम ‘न’ करतो. ‘ला हुन्दो मोर्दीस ला बोवीदोन’ आणि ‘ला बोवीदोन मोर्दीस ला हुन्दो’ या दोन्ही वाक्यांत चावणारा कुत्राच आहे. येथे नामाच्या आधी आलेला ‘ला’ आपला विभक्तिप्रत्यय नव्हे, ते ठरावीक वस्तू दाखवणारे स्वतंत्र उपपद आहे. मराठी विद्यार्थ्याचे डोळे तो ‘ला’ पाहून फसतात आणि ज्या नामाला आधीच ‘ला’ आहे त्याला आणखी प्रत्यय कशाला, असे मनात येते. वहीत उपपदाखाली रेघ मारून ठेव, म्हणजे गोंधळ होणार नाही.

खरी अडचण याच्या पुढे आहे. आपण ‘ला’ सजीवाला लावतो, निर्जीवाला बहुधा लावत नाही. ‘आई वासराला पाजते’ म्हणतो, पण ‘आई कापूस वेचते’ म्हणताना कापसाला काहीच लागत नाही. ही सवय इतकी खोल आहे की एस्पेरांतोत वाक्य करताना मन वासराच्या वेळी ‘न’ आठवते आणि कापसाच्या वेळी विसरते. तुझ्या पत्रातली वाक्ये मी तपासली, त्यांत नेमके हेच झाले आहे. ‘ला पात्रीनो प्लुकास कोतोनो’ असे तू लिहिलेस. तेथे ‘कोतोनोन’ हवे. सजीव असो, निर्जीव असो, अमूर्त असो, कर्म असेल तर ‘न’ लागणारच. तू लिहिलेस की शब्दांच्या क्रमावरून अर्थ कळतोच. क्रम पाळणाऱ्या भाषेत तो कळतो. ही भाषा क्रम मोकळा ठेवते आणि त्या मोकळिकीचा सगळा भार या एका अक्षरावर आहे.

दुसरी गोष्ट भूतकाळाची. शाळेत मी तुला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवले ते आता उपयोगी पडतील. ‘आईने कापूस वेचला’, ‘आईने तूर सोंगली’ या वाक्यांत कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे फिरते. एस्पेरांतोत यातले काही नाही. वर्तमान असो की भूत, कर्ता बिनप्रत्ययाचाच राहतो, कर्माला ‘न’ लागतो आणि क्रियापद लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशानेही बदलत नाही. ‘मी वीदीस’, ‘ली वीदीस’, ‘ईली वीदीस’, म्हणजे मी पाहिले, त्याने पाहिले, त्यांनी पाहिले. त्यांचा ‘मी’ आणि आपला ‘मी’ एकच आहे, तेवढे एक सर्वनाम फुकट मिळाले असे समज. शिवाय नामाचे सामान्यरूपही होत नाही. ‘शेत’चे ‘शेता’ आणि ‘वासरू’चे ‘वासरा’ करण्याचे आपले कष्ट तेथे वाचतात.

विशेषणाकडे मात्र लक्ष दे. आपण काळा बैल, काळी गाय, काळे वासरू म्हणतो. तेथे ‘नीग्रा बोवो’, ‘नीग्रा बोवीनो’, ‘नीग्रा बोवीदो’, विशेषणावर लिंगाचा काही परिणाम नाही. पण वचन आणि कर्मपणा यांची खूण विशेषणालाही घ्यावी लागते. ‘मी दोन काळे बैल पाहतो’ हे ‘मी वीदास दू नीग्राय्न बोवोय्न’ असे होईल. ‘य’ अनेकवचनाचा, त्यापुढे ‘न’ कर्माचा, आणि दोन्ही ‘नीग्रा’लाही लागले, ‘दू’ या संख्येला मात्र काही लागले नाही. ‘आहे’ या अर्थाच्या ‘एस्तास’नंतर येणाऱ्या नामालाही ‘न’ कधी लावू नकोस. ‘मीआ पात्रो एस्तास इन्स्त्रुइस्तो’, माझे वडील शिक्षक आहेत. येथे कर्म नाहीच.

आता त्या ‘न’चा असा उपयोग सांगतो, जो मला या साऱ्या व्याकरणात सर्वांत सुंदर वाटतो. ‘बैल शेतात पळतो’ हे आपले वाक्य घे. बैल शेताच्या आतच पळतो आहे, की बाहेरून शेतात शिरतो आहे? कापसाची बोंडे फुटलेली असताना हा फरक किती मोठा आहे हे तुला सांगायला नको, तरी मराठीचा ‘त’ तो दाखवत नाही. आपल्याला ‘शिरतो’ किंवा ‘घुसतो’ असे वेगळे क्रियापद आणावे लागते. एस्पेरांतोत ‘ला बोवो कूरास एन ला काम्पो’ म्हणजे शेतातल्या शेतात पळतो, आणि ‘एन ला काम्पोन’ म्हणजे पळत शेतात येतो. एका अक्षराने स्थळ आणि दिशा वेगळी झाली. जेथे शब्दयोगी अव्यय स्वतःच दिशा सांगते, जसे ‘आल’ म्हणजे कडे किंवा ‘एल’ म्हणजे मधून, तेथे मात्र ‘न’ लागत नाही. तेथील अव्यये नामाच्या आधी येतात, हे तू ओळखले आहेसच.

हा प्रत्यय सोपेपणासाठी काढून टाकावा, हा विचार तुझाच नाही. रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक एकमेकांच्या शेजारी राहत असलेल्या बियालिस्तोक गावी १८५९ साली जन्मलेल्या लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे या भाषेचे पहिले पुस्तक काढले. ते व्यवसायाने नेत्रवैद्य होते. पुस्तकावर त्यांनी ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा, असे टोपणनाव घातले आणि तेच भाषेला चिकटले. पुढे १८९४ मध्ये त्यांनी स्वतःच सुधारणांचा एक मसुदा भाषा वापरणाऱ्यांपुढे ठेवला. त्यात हा कर्माचा प्रत्यय गाळलेला होता. लोकांनी मते दिली आणि तो मसुदा नाकारला. निर्मात्याने देऊ केलेली सवलत भाषा बोलणाऱ्यांनी नको म्हटली, याचा मला फार आदर वाटतो. १९०५ साली फ्रान्समधल्या बुलोन येथे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा मूळ सोळा नियमांचे व्याकरण भाषेचा न बदलणारा पाया म्हणून मान्य झाले. नामाला दोनच विभक्ती, हे दुसऱ्या नियमात आहे आणि दिशेचा ‘न’ तेराव्यात. १९०७ मध्ये निघालेल्या ‘ईदो’ या सुधारित भाषेने कर्म कर्त्याच्या आधी आले तरच ‘न’ लावावा असे ठरवले. मला ते पटत नाही. कधी लावायचा आणि कधी नाही हा विचार बोलताना करण्यापेक्षा नेहमी लावणे हेच शिकणाऱ्याला सोपे जाते.

गावात तुझ्या काकांनी विचारले की या असल्या भाषेचा आपल्याला काय उपयोग. मी त्यांना पवनारच्या विनोबांचे नाव सांगितले. तिबोर सेकेली हे युगोस्लाव्हियाचे प्रवासी भारतात आले होते, त्यांच्याकडून विनोबांनी ही भाषा शिकून घेतली. इतक्या भाषा जाणणाऱ्या माणसाने आपल्या कामातून तिच्यासाठी वेळ काढला, एवढे उत्तर काकांना पुरले.

उच्चाराची चिंता करू नकोस. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च हे दोन वेगळे ध्वनी एस्पेरांतोत दोन वेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि आपल्या जिभेला दोन्ही जन्मापासून येतात. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर द्यायचा, एवढे पाळले की पुरे.

आता अभ्यास देतो. आपल्या शेतातलीच दहा वाक्ये कर: पाच सजीव कर्माची, पाच निर्जीव कर्माची. मग प्रत्येक वाक्य कर्म पहिल्यांदा ठेवून पुन्हा लिही आणि मोठ्याने वाच. त्यानंतर ‘एन’ वापरून घर, गोठा, विहीर आणि शेत यांची जोडीजोडीने वाक्ये कर, एक स्थळाचे, एक दिशेचे. तपासून परत पाठवीन. प्रश्नार्थक आणि दर्शक शब्दांचे पंचेचाळिसांचे कोष्टक पुढच्या पत्रात घेऊ. त्यातल्याही काही शब्दांना ‘न’ लागतो, म्हणून तोवर ही वाक्ये पक्की झाली पाहिजेत.

तुझ्या आईचा आशीर्वाद. वसतिगृहातले जेवण वेळेवर घेत जा.

तुझे,
बाबा