पिशव्या आणायला पळवता, पण आहे ते रक्त वाचवायचं कोणी?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

नमस्कार साहेब,

मे महिन्यात आई मोरीत घसरून पडली, वय 74, खुब्याचं हाड मोडलं. 108 वेळेत आली त्याबद्दल आभारच आहेत, तक्रार पुढची आहे. जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात भरती केलं, पायाला पट्टी बांधून वीट टांगली आणि म्हणाले नंबर लागला की ऑपरेशन. मग फुले योजनेची (सरकारी मोफत उपचारांची) मंजुरी, मग फिटनेस, मग मध्येच रविवार, असं करत नंबर लागला सहाव्या दिवशी. आणि त्या दिवशी सकाळी रिपोर्ट बघून सांगतात हिमोग्लोबिन 7.4 आहे, दोन पिशव्या आणा नाहीतर केस उद्यावर. भरती करताना तेच 10.6 होतं!! मधे कोणी तपासलंच नाही.

मला कळेना रक्त गेलं कुठे, चादरीवर एक थेंब नव्हता. शेवटी एका रेसिडेंट पोराने (दोन रात्री झोपला नसावा बिचारा) आईला जरा कुशीवर करून मांडी दाखवली, दगडासारखी टणक आणि मागून काळीनिळी. म्हणाला काका, इथे आहे बघा सगळं. हाड सांध्याच्या आत मोडलं तर वरचं आवरण रक्त थोडंफार अडवतं, आईचं त्याच्या खाली मोडलं होतं, तिथे अडवायला काही नाही, स्नायूंमध्ये झिरपत राहतं, त्यात सलाईनने उरलेलं अजून पातळ.

ग्रुप बी निगेटिव्ह. मे महिना म्हणजे कॉलेजं बंद, शिबिरं कमी, ब्लड बँकेत खडखडाट. दाजींनी एमआयडीसीतून नाईट शिफ्ट सुटलेली दोन पोरं आणली तेव्हा कुठे जमलं.

नंतर मी विचारत बसलो की हे रक्त वाचवायला काहीच नसतं का. तर असतं. ट्रानेक्झॅमिक ॲसिड, आपल्या बायका पाळीत जास्त जातं म्हणून ज्याच्या गोळ्या घेतात तेच, इंजेक्शनमध्ये. जपानच्या ओकामोतो नवरा-बायकोने 1960 च्या दशकात शोधलेलं, म्हणजे माझ्याही आधीचं. रक्ताची जी गुठळी धरते ती विरघळू देत नाही, एवढंच काम. 2010 मध्ये 20 हजारांवर अपघाती पेशंटवर या औषधाची चाचणी झाली, त्यात रक्त जाऊन मरणारे कमी झाले. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये चिरा द्यायच्या आधी दिलं तर कमी लोकांना रक्त चढवावं लागतं हेही दिसलंय. कुणाला आधी गुठळीचा किंवा फिटचा त्रास असेल तर डॉक्टर विचार करून ठरवतील, ते त्यांचं काम. पण आईला दिलं का विचारलं तर उत्तर आलं स्टॉक संपला होता, बाहेरून लिहून द्यायचं राहिलं. राहिलं!! पिशव्यांची चिठ्ठी लिहायची बरी राहिली नाही.

साहेब, मला नवीन बिल्डिंग नकोय. खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन भरती करताना, दुसऱ्या दिवशी आणि गरज पडेल तसं परत बघा, म्हणजे ऐन वेळी पळापळ होणार नाही. इंग्लंडमध्ये 36 तासांच्या आत ऑपरेशन आणि बाकी काळजी नीट झाली तर हॉस्पिटलला जादा पैसे मिळतात, आपल्या फुले योजनेत तसं काही घाला ना, मंजुरीचे कागद मागून येऊ देत. पडून राहिलं की फक्त रक्ताचा प्रश्न नसतो, छाती भरते, पाठीला जखमा होतात, आईला झाल्या. आणि हिमोग्लोबिन 10 च्या वर न्यायलाच पाहिजे म्हणून सगळ्यांना पिशव्या चढवायचीही गरज नाही, 2011 च्या एका मोठ्या अभ्यासात 8 च्या खाली गेल्यावर किंवा त्रास झाला तरच रक्त दिलेले पेशंटही तेवढेच बरे चालू लागले.

इंजेक्शनचा स्टॉक तर ठेवाच, पण एक लक्षात घ्या, ही ऑपरेशनं बहुतेक मणक्यात भूल देऊन होतात आणि भुलेची नि या औषधाची काचेची कुपी दिसायला सारखी असू शकते. चुकून हेच मणक्यात गेलं तर माणूस दगावू शकतो, जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये त्याबद्दल इशाराच दिलाय. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या जिल्हा रुग्णालयात फीत कापायला जाल तेव्हा पाच मिनिटं काढून ऑपरेशन थिएटरचं कपाट उघडायला लावा. हे इंजेक्शन आहे का, आणि भुलेच्या औषधाशेजारी तर ठेवलं नाही ना, तेवढं स्वतः बघा.

तुमचा,
ब्लड बँकेच्या बाकड्यावर एक रात्र काढलेला एक मुलगा