डॉलर-रुपया सौदा परस्पर स्क्वेअर ऑफ (उलटा सौदा करून बंद) केल्याबद्दल आणि त्यावर मिळालेल्या सल्ल्याबद्दल तक्रार

रामबाग, इंदूर
12 एप्रिल 2024

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, दलाल कंपनी

माझे मे महिन्याचे 5 डॉलर-रुपया फ्युचर्स (पुढच्या तारखेसाठी दर आजच ठरवणारे करार) आपण 4 एप्रिलला सकाळी मला न विचारता स्क्वेअर ऑफ केले. मुलीच्या विद्यापीठाची 5,000 डॉलर फी मेअखेर भरायची आहे. तोवर रुपया घसरला तर भुर्दंड बसू नये, एवढ्यासाठीच ते घेतले होते, आणि फीचे मागणीपत्र सौद्यामागे चलनदराची खरी जोखीम आहे का, हे विचारणाऱ्या आपल्या 3 तारखेच्या ईमेलला त्याच रात्री जोडून पाठवले होते. आपण सौदा कापला त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने अशा चलन सौद्यांबद्दलच्या 5 जानेवारीच्या परिपत्रकाची अंमलबजावणी 3 मेपर्यंत पुढे ढकलली, आणि 10 कोटी डॉलरपर्यंत जोखमीचा कागद दाखवावा लागत नसला तरी जोखीम खरी असावी लागते, हा जुनाच नियम पुन्हा सांगितला. माझ्याकडे जोखीम होती आणि न मागितलेला कागदही होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चौथ्यांदा फोन केला, तेव्हा आपला प्रतिनिधी म्हणाला, "अंकल, फॉर्म में बस 'हाँ' टिक करना था, सब यही करते हैं." पत्र पाठवल्याचे सांगितल्यावर उत्तर आले, "लेटर लगाने का ऑप्शन ही नहीं है." म्हणजे ज्याने डोळे मिटून टिक केली त्याचा सौदा सुरक्षित, आणि ज्याने पुरावा दिला त्याचा बंद, ही रचना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, हे कळले तर बरे होईल. पुढे तो म्हणाला, "यहाँ छोड़िए, हमारे पार्टनर ऐप पर यूरो-डॉलर कीजिए, पाँच सौ गुना मार्जिन, कोई कुछ नहीं पूछता." मी फेमाचे (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे) नाव काढले, तर हसून म्हणाला, "अंकल, फेमा बड़े लोगों के लिए है." मी बँकेच्या परकीय चलन विभागात 9 वर्षे काढली आहेत. त्या हसण्यानंतर मी फोन ठेवला.

युरो-डॉलरचे करार आपल्याच टर्मिनलवर, मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर मिळतात, हे आपल्या माणसाला ठाऊक नसावे. परदेशी मंचाला मार्जिन (सौद्याची अनामत) पाठवण्याची मुभा उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेत, नाही, आणि फेमाच्या कलम 13 खाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. तो दंड ग्राहकाने भरायचा. आपला पार्टनर भरणार नाही. ज्या अॅपची शिफारस झाली, ते मी रिझर्व्ह बँकेच्या (अनधिकृत मंचांच्या) सावधगिरीच्या यादीत शोधले आणि तिथे ते सापडले.

मला न विचारता कापलेल्या त्या सौद्याची दोन्ही बाजूंची दलाली परत करावी, 10 एप्रिलच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण द्यावे आणि पार्टनर अॅपशी आपला संबंध काय, हे लेखी कळवावे. सात दिवसांत उत्तर न आल्यास सौद्याची तक्रार बाजार नियामक सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर आणि अॅपची रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर जाईल. आपल्याकडे खाते उघडण्याचा आग्रह मीच शेजाऱ्यांना केला होता; आता त्यांनाही हे पत्र वाचायला देणार आहे.

आपला, खाते बंद होईपर्यंत ग्राहक