मे महिन्यात पाहिलेलं वावर

नंदनवन, नागपूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोळा आठ दिवसांवर आला. तुझा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आईने काल माळ्यावरून काढून, पुसून टीव्हीजवळ ठेवला. पुढच्या वर्षी नातू तो ओढत गल्लीत फिरवेल असं तिने ठरवूनच टाकलं आहे.

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या जमिनीचे तू पाठवलेले फोटो मी चारदा पाहिले. अकरा एकर कुरण, सात एकर रान आणि खाली खाडीचं पाणी. तू फोनवर विचारलंस, "बाबा, घेऊ का?" आणि मी "कळवतो" म्हणून फोन ठेवला. बाबांना पटलं नाही असं तुला वाटलं असेल. पण मला आधी एक जुनी गोष्ट सांगायची होती आणि ती फोनवर निघेना.

काटोलकडचं आपलं वावर २००८ साली विकलं, तेव्हा तू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. ते तुझ्या फीसाठी गेलं असं तू आजवर धरून चालली आहेस. मीही तुला तसं समजू दिलं. तुझी फी माझ्या पगारातून आणि पतसंस्थेच्या कर्जातून गेली, वावराचा एक रुपया तिला लागला नाही. वावर विकलं ते त्याला रस्ता नव्हता म्हणून.

मी मोजणी खात्यातला माणूस. दुसऱ्यांच्या हद्दी दाखवण्यात नोकरी गेली. ते चार एकर घेताना गाव नकाशा पाहिला, त्यावर पांदण, म्हणजे वावरांमधली गाडीवाट, दाखवलेली होती. सातबारा कोरा होता, फेरफार बरोबर होते. महिना मे. सगळी वावरं उघडी पडलेली, माझी स्कूटर कुठूनही थेट संत्र्याच्या झाडांपर्यंत जात होती. पांदण जमिनीवर शोधायची गरजच पडली नाही, म्हणून मी ती शोधली नाही. मृगाचा पाऊस झाला, शेजाऱ्यांनी पेरलं आणि आम्ही बाहेरच राहिलो. दोन्हीकडचे धुरे, म्हणजे वावरांचे बांध, सरकत सरकत पांदण कधीचीच गिळून बसले होते.

नंतरची सगळी वर्षं संत्रा डोक्यावरून वाहून काढला. व्यापारी बगिचा पाहायचा, मग वाट पाहायचा आणि भाव पाडायचा. मी महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागितली. हुकूम माझ्या बाजूने झाला, तो आजही कपाटात आहे. पण हुकूम कागदावर असतो आणि बंडी धुऱ्यावरून न्यायची असते. दर हंगामात तेच भांडण. शेवटी तुझी आई म्हणाली, आता पुरे. तू लावलेलं जांभळाचं झाड त्या व्यवहारात गेलं आणि तू महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. मोजणीदाराला स्वतःच्या वावराची वाट दिसली नाही, हे मुलीला सांगायला जीभ उचलली नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की तू ती जमीन जून महिन्यात पाहिली आहेस.

स्कायचा जून म्हणजे रात्री दहापर्यंत उजेड. आता जानेवारीत जा. डिसेंबर-जानेवारीत तिथे दिवस साडेसहा-सात तासांचा असतो आणि पाऊस, वारा आडवा येतो. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून चारही हद्दी पायी चाल. एका फोटोत कुरणाच्या खालच्या भागात ताठ, गडद हिरव्या काड्यांचे पुंजके आहेत, आपल्या लव्हाळ्यासारखे. ते जिथे वाढतं तिथे पाणी मुरत नाही, साचतं. तशा जागी चिखलातली बारीक गोगलगाय असते आणि तिच्यातून मेंढ्यांच्या यकृतात चपटे कृमी जातात. अकरा एकर कुरण म्हणून पैसे मोजशील आणि त्यातलं पाचच एकर खरं चरण्याजोगं निघेल, तर ते आताच कळलेलं बरं. वरच्या अंगाला उंच नेचं दिसतं, त्याला तिकडे ब्रॅकन म्हणतात. ते जनावरांना विषारी असतं आणि आपल्या रायमुनियासारखं एकदा पसरलं की कुरण खातं. गोचीड असतेच, तिच्या चाव्यातून लाइम रोग होतो. नातवाला घेऊन जाशील तेव्हा संध्याकाळी त्याचे पाय नीट तपास.

आता वाट. मोठ्या रस्त्यापासून तुझ्या फाटकापर्यंतचा कच्चा रस्ता शेजाऱ्याच्या मालकीचा आहे, असं तूच सांगितलंस. विकणारा म्हणतो, "वर्षानुवर्षं आम्ही इथूनच जातो." हेच वाक्य मीही ऐकलं होतं. तिकडच्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याच्या हक्काला सर्व्हिट्यूड म्हणतात. पायी जाण्याचा हक्क वेगळा, जनावरं हाकण्याचा वेगळा, गाडी नेण्याचा वेगळा. तुझ्या रानातलं लाकूड कधी काढायचं झालं तर ४४ टनांपर्यंतचा ट्रक आत यावा लागेल. तो हक्क दस्तात कोणत्या शब्दांत लिहिला आहे आणि रस्ता दुरुस्त कोणी करायचा, हे वकिलाकडून लेखी घे. आणि हे सगळं पत्रं पक्की होण्याआधी. स्कॉटलंडमध्ये दोन्हीकडच्या वकिलांमध्ये पत्रं जातात-येतात, त्यांना मिसिव्ह म्हणतात. ती पूर्ण झाली की सौदा बांधला गेला, आपल्या इसारपावतीसारखी ओढाताण तिथे चालत नाही.

त्यांची दस्तनोंदणी १६१७ सालापासूनची आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून. हे वाचून माझ्यासारख्याला भरून आलं. पण जुन्या दस्तांत हद्दी शब्दांत सांगितलेल्या असतात, अमक्या ओढ्यापासून तमक्या दगडी भिंतीपर्यंत. नकाशावरची नवी नोंदणी १९७९ च्या कायद्याने आली. तुझी जमीन जुन्या वहीत आहे की नव्या, हे विचार. जुन्या वहीत असेल तर ओढा आणि भिंत स्वतः जाऊन बघ.

याहून मोठी गोष्ट म्हणजे ती जमीन क्रॉफ्ट आहे का? तू जाहिरातीत हा शब्द वाचून "म्हणजे छोटं शेत" असं म्हणालीस. ते तेवढंच नाही. क्रॉफ्टला वेगळा कायदा आहे, वेगळा आयोग आहे. क्रॉफ्ट कसणाऱ्याने त्यापासून ३२ किलोमीटरच्या आत राहायचं, जमीन कसायची, पडीक टाकायची नाही, असं त्याच्यावर बंधन आहे. ग्लासगोहून तू ३२ किलोमीटरमध्ये कशी बसणार? नोकरी सोडून तिथे राहायला जायचा विचार असेल तर तो आम्हाला आधी सांग. नसेल तर हा प्रश्न सगळ्यांत आधी वकिलापुढे ठेव.

हा कायदा तिथल्या लोकांनी भांडून मिळवला आहे आणि तो स्कायवरच पेटला. ब्रेज नावाच्या भागातल्या कुळांची बेन ली डोंगरावरची चराई जमीनदाराने काढून घेतली होती. १८८२ साली त्यांनी ती परत मागितली आणि मिळेपर्यंत खंड द्यायचा बंद केला. हुसकावण्याच्या नोटिसा आल्या, त्या त्यांनी जाळायला लावल्या. मग ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आले, तेव्हा बायका-माणसांनी दगड हातात घेतले. पुढच्या वर्षी चौकशी आयोग बसला आणि १८८६ साली कायदा झाला. ढोरांच्या चराईसाठी माणसं किती लढतात, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ साली गेली, पण गावाचा निस्तार हक्क राहिला. कुठल्या जमिनीवर गायकी ढोरं चारेल, कुठून सरपण आणता येईल, हे निस्तार पत्रकात लिहिलेलं असतं. तुझ्या जाहिरातीत "सामाईक चराईत वाटा" असे शब्द आहेत. तो वाटा तुझ्या अकरा एकरांसोबत येतो की नाही आणि किती मेंढ्यांचा, हे बघ. आणि तो मिळाला तर बाकीच्या वाटेकऱ्यांच्या घरी आधी जाऊन ये. नवी आलेली बाई कुंपण घालते की चहाला येते, याच्यावर पुढचं सगळं ठरेल.

एका नोंदीने काय होतं ते आपल्या भागातल्या झुडपी जंगलावरून लक्षात घे. कागदावर हे दोन शब्द लिहिलेली जमीन. लोक ढोरं चारत होते, काही ठिकाणी वस्त्या झाल्या. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर ती जंगल की महसुलाची, हा वाद किती वर्षं चालला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती जंगलच आहे असं सांगितलं. माझ्या टेबलावर त्या नोंदी घेऊन रडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून नोंद म्हटली की मी इतका मागे लागतो.

रानाचं बोलायचं तर तिथे मला काळजी कमी आणि आनंद जास्त आहे. फोटोत पांढऱ्या सालीची झाडं दिसतात ती बर्च, आपल्या भूर्जाची बहीण. पण मागच्या बाजूला सरळ रांगांत काळपट झाडं आहेत ती सिटका स्प्रूस असावीत, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेली. आपल्याकडे सागाची रोपवण असते तसं ते लाकडाचं पीक आहे. ओल्या जमिनीत त्यांची मुळं वरवर राहतात आणि वादळात रांगच्या रांग आडवी होते, म्हणून वाऱ्याकडच्या कडेची झाडं घाईने तोडू नकोस. तोडायला परवानगी लागते. तीन महिन्यांत ५ घनमीटरपर्यंत सूट आहे, पण देशी झाडांच्या अगदी लहान रानाला ती सूट नसते. नवी रोपं लावलीस तर हरणं ठेवणार नाहीत. आपल्याकडे रोही, तिकडे हरीण. आणि त्या रानातून कोणीही पायी जाऊ शकतं, २००३ च्या कायद्याने तो हक्क सगळ्यांना आहे. "खासगी जागा" अशी पाटी लावायची इच्छा झाली तर तुझ्या बाबांची पांदण आठव.

आणखी एक, जे मला फार आवडलं. स्कायच्या उत्तरेकडचे काळे कडे बेसॉल्टचे आहेत, सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. आपल्या सीताबर्डीची टेकडीही तसल्याच काळ्या दगडाची, फक्त थोडी जुनी. तू तिथे उभी राहशील तेव्हा पायाखाली आपल्याकडच्यासारखाच दगड असेल. का कोण जाणे, मला त्याने धीर आला.

पैशांचं आईने आणि मी ठरवलं आहे. बँकेत विचारून आलो. परदेशात जागा घ्यायला इथून पैसे पाठवता येतात, फॉर्म भरावा लागतो आणि वर्षाची मर्यादा आहे. मर्यादेपर्यंत पोचण्याएवढे आपल्याकडे नाहीतच. वावर विकून आलेल्या रकमेची ठेव आम्ही कधी मोडली नाही. ती तुझी धर. त्या वावराचं तुला एक झाड देणं लागतो मी.

जानेवारीत जाण्याचं तिकीट काढलंस की कळव. आणि विकणाऱ्याने दिलेला नकाशा मोठ्या कागदावर, प्रमाण लिहिलेला, छापून टपालाने पाठव. मोबाईलवर मला पट्टी लावता येत नाही.

तुझा,
बाबा